जॅकवरची गाडी आणि खालचे मिस्त्री

आमच्याकडे पाहुणे आले की निघता निघता कोणीतरी उंबऱ्यात थांबतंच. "काकू, तो जीपचा किस्सा सांगा ना!" आता कुठला जीपचा? जीपचे निदान तीन-चार आहेत. ट्रकचे वेगळे. एका बैलगाडीचाही आहे, पण तो काढला की आमच्या घरात अजूनही भांडण होतं, म्हणून तो राहू दे.

किस्से काही ठरवून जमवत नाही कोणी. अंगणात गॅरेज असलं की नट-बोल्ट कुठेही सापडतात. फडताळात सापडतात, उशीखाली सापडतात, एकदा तर पिठाच्या डब्यात सापडला होता. किस्स्यांचंही तसंच झालं. आणि आमच्या अंगणात नुसतं गॅरेज नव्हतं, त्या गॅरेजात आमचे मिस्त्री होते!

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि नुसतं "अहो" म्हटलं तर गाडीखाली ऐकू जात नसे. म्हणून अख्खं शिरूर जे म्हणायचं तेच मीही म्हणायला लागले. माणूस लाखात एक. बंद पडलेलं इंजिन त्यांचा हात लागला की मुकाट चालू व्हायचं. खोड एकच. गाडी जॅकवर उचलायची आणि दुसरा कसलाही आधार न लावता सरळ खाली सरकायचं. कोणी टोकलं की उत्तर तयार, "दोन मिन्टाचं काम हाय!"

त्या दोन मिनिटांनी माझं निम्मं तरुणपण खाल्लं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज एकच देखावा. गाडी वर, नवरा खाली, आणि दोघांच्या मध्ये वीतभर रुंदीचा एक जॅक. ते बघत बघत मी वर्षानुवर्षं भाकऱ्या थापल्या. आज हसत हसत सांगतेय खरी, पण तेव्हा भाकरी करपली तरी नजर खिडकीतून हलायची नाही.

*

लग्न होऊन मी नगरहून शिरूरला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सासूबाईंनी चहाचा पेला हातात दिला. "जा, मालकाला निऊन दे."

अंगणात गेले. एक ट्रक उभा, त्याच्याखालून दोन पाय बाहेर. शेजारी दुसरा ट्रक, त्याच्याखालूनही दोन पाय बाहेर! आता यातले आपले कुठले? चर्चमध्ये लग्न लागताना मी सगळा वेळ मान खाली घालून उभी होते, म्हणजे तोंडापेक्षा पायांचीच ओळख जास्त असायला हवी होती. पण त्या दिवशी पायांत बूट होते.

चहा घेऊन परत आत आले. "आई, कुठले ते?"

सासूबाई दारात आल्या. दोन्ही जोड्या नीट बघितल्या. "डावीकडचे. त्यो उजवीकडचा डायवर हाय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीनं म्हणाल्या, "पाय वळखून ठेव, बाई. तोंड काय, जेवायच्या टायमालाच दिसंल!"

*

आमचं अंगण घोडनदीच्या बाजूला उतरतं. कळशी लवंडली तर पाणी कोणाला न विचारता नदीची वाट धरतं. गाडीचंही तेच. त्यामुळे गाडी उचलण्याआधी चाकांना दगड लावायचे, हे शेंबड्या पोरालाही कळावं. मिस्त्रींना कळत होतं, पण दगड आणायला कोण उठणार?

एकदा लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली एक जीप आली होती. पुढून उचललेली, मागच्या चाकांना काही नाही. मी पीठ मळत होते, तेवढ्यात अंगणात धाड्दिशी आवाज झाला. तशीच बाहेर धावले. जॅक आडवा, जीप पुढे सरकून जमिनीला टेकलेली, आणि तिच्याखाली मिस्त्रींच्या चपला.

मी अशी किंचाळले की शेजारच्या चार घरांतली माणसं धावली. कोणी जीपला हात लावतंय, कोणी देवाचं नाव घेतंय, मी तर खाली वाकून नुसत्या हाका मारतेय. तेवढ्यात फाटकातून मिस्त्री आत आले. अनवाणी, हातात एक वॉशर.

"चपला खाली राहिल्या व्हत्या," म्हणाले, "म्हनलं कुठं काढायच्या, चौकात तर जायचंय!" मग त्यांनी जीपकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, आणि माझ्याकडे वळून विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघितलंस? उगंच भेतीस तू. पडली का माझ्यावर?"

"चपलांना विचारा," मी म्हटलं.

चपला निघाल्या त्या दोन पापडांसारख्या निघाल्या. मिस्त्रींनी त्या पुढे बरेच दिवस वापरल्या, पायांना गार लागतात म्हणायचे.

*

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे सासरे. दौंडला रेल्वेच्या शेडात फिटर होते आणि सुट्टी मिळाली की शिरूरला यायचे. इंजिनं उचलण्यात जन्म गेलेला माणूस. डाव्या हाताची दोन बोटं शेडातच राहिली होती. "जॅक उचलायपुरता असतुया. धरायला घोडी लागती," हे ते उरलेली बोटं नाचवून सांगायचे. घोडी म्हणजे लोखंडी तिपाई. गाडी जॅकनं उचलायची, मग खाली घोडी सरकवायची आणि वजन तिच्यावर सोडायचं. जॅक सटकला तरी गाडी घोडीवर राहते, माणूस वाचतो. बस, एवढंच शास्त्र!

बाप इतका काळजीवाला आणि मुलगा असा, हे कसं झालं ते सासूबाईंनाही सांगता येत नसे.

जीपचा प्रकार कळला आणि पुढच्या सुट्टीला आबा एस.टी.नं आले ते खांद्यावर रेल्वेच्या रुळांखालच्या जुन्या स्लीपरचा तुकडा घेऊन. लिलावात निघालेलं सागवान, तेल पिऊन काळंभोर झालेलं, वजनाला धोंडा. दौंडच्या स्टँडवरच कंडक्टरनं अडवलं.

"आबा, ह्ये टपावर टाका."

"टपावर न्हाई टाकायचं."

"आवो, पन ह्ये हाय तरी काय?"

"माझ्या पोराचा जीव हाय," आबा म्हणाले.

कंडक्टरनं लाकडाकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि तिकिटांची पेटी उघडली. "मंग त्येचं बी अर्धं तिकीट काढा!"

आबांनी खरंच काढलं. आणि तिकीट काढलंय म्हणून तो ठोकळा शिरूरपर्यंत खिडकीशी बसून आला. गाडीला गर्दी होती, आबा उभे होते.

*

मग आबांनी पेठेतल्या लोहाराकडून घोड्या करून घेतल्या. चांगल्या भक्कम, तीन पायांच्या. चार घोड्या अंगणात ओळीनं मांडल्या, मिस्त्रींना दाखवल्या, मला दाखवल्या, आणि निर्धास्त मनानं दौंडला गेले.

पुढच्या खेपेला आले तर ट्रक जॅकवर, मिस्त्री खाली, आणि घोडी एकही नाही!

"घोड्या कुठं हायेत?"

खालून नुसती ठोकाठोक वाढली. आबा शोधायला निघाले. दोन सापडल्या चर्चमध्ये. पाळकसाहेबांनी नाताळच्या नाटकाला मागून नेल्या होत्या. त्यांच्यावर फळ्या टाकून बेथलेहेमचा गोठा उभा केला होता, आणि नाताळ होऊन दोन महिने झाले तरी गोठा मोडायला कोणाला सवड नव्हती. उरलेल्या दोन आमच्याच न्हाणीघराबाहेर सापडल्या. त्यांच्यावर पाण्याचं पिंप.

आबा पिंपाला हात घालणार तोच सासूबाई आडव्या आल्या. "हात लावायचा न्हाई! कवाधरनं पिंपाला तिवई मागतेय मी. आता कुठं बसलंय नीट. ते पडलं तर समदं घर पारोसं ऱ्हाईल."

"आन् गाडी पडली तर?"

सासूबाईंनी पिंपावरचं झाकण नीट केलं. "गाडी पडली तर त्यो येकटाच."

बोलून गेल्या आणि दोघंही एकदम माझ्याकडे बघायला लागली. मी पदर खोचला आणि कळशीनं पिंप उपसायला घेतलं.

*

मध्यंतरी मिस्त्रींनी पुण्याहून तेलाचा जॅक आणला. जुनाच, पण काय तो थाट! दांडा मारला की गाडी आपोआप वर. गल्लीतली माणसं बघायला यायची. प्रत्येकाला मिस्त्री एकदा उचलून दाखवायचे.

त्या जॅकचं सील, म्हणजे आतलं तेल धरून ठेवणारी रबरी चकती, गेलेलं होतं. त्यामुळे वजन पडलं की तो हळूहळू बसायचा. इतका हळू की डोळ्याला दिसू नये. आबांनी एका नजरेत ओळखलं. "सील बदल. आवाज करून पडतो त्यो जॅक परवडला. ह्यो मुक्यानं बसनारा लई वंगाळ."

"उलट बरं हाय की, आबा," मिस्त्री म्हणाले. "नाकाला चेसिस टेकली की वळखायचं, बाहेर यायचा टायम झाला!"

सील काही बदललं नाही, आणि जॅकमधलं तेल गळून कमी होत राहिलं. आणि त्याच सुमारास माझ्या स्वयंपाकघरातलं गोडेतेलही कमी व्हायला लागलं. सासूबाईंना माझा संशय. नगरच्या पोरी तळण फार करतात, असं त्या शेजारणीला माझ्यासमोरच सांगायच्या. मला मांजराचा संशय. मांजर बिचारं फुकट मार खात होतं.

उलगडा केला तो मुंग्यांनी. एक दिवस अंगणातून मुंग्यांची रांग निघाली ती थेट जॅकपर्यंत! शेंगदाण्याचं तेल आत चिकट होऊन बसलं होतं आणि जॅक वरच अडकला होता. आता चढेना, उतरेना. त्याच्यावर वडगाव रासाईच्या एका शेतकऱ्याचा ट्रक. बिचारा सकाळपासून ओट्यावर बसून होता. मिस्त्रींनी दांडा ओढला, झडप ठोकली, जॅकला शिव्या घातल्या. वास मात्र सगळीकडे पसरला.

शेवटी तो शेतकरी उठला. "मिस्त्री, येक तर गाडी खाली घ्या, न्हाईतर भजी तरी टाका!"

बाजूला जुना स्क्रूचा जॅक लावून ट्रक उतरवला. घरात डब्यात उरलेल्या तेलात मी खरोखरच भजी केली. पाहुण्याला वाढली, सासूबाईंना वाढली, मांजराला दोन जास्त घातली. मिस्त्रींना विचारलंसुद्धा नाही.

*

आबांचा आणखी एक नियम होता. जो गाडीखाली जाईल त्यानं जॅकचा दांडा बरोबर आत न्यायचा. म्हणजे वरचा कोणी चुकून जॅक खाली घेणार नाही. शेडातली पद्धत. मिस्त्रींनी आबांचे जे थोडे नियम मानले त्यातला हा एक, कारण त्याला उठून काही आणावं लागत नसे.

तळेगाव ढमढेऱ्याचे एक आप्पा होते. ऊसवाले बागायतदार, तालुक्यातले पुढारी, काळी मोटार, परीटघडीचं धोतर. ऐन एप्रिलच्या दुपारी मोटार घेऊन आले. आबा घरी होते, म्हणून त्या दिवशी चारी घोड्या लागल्या. आबा म्हणाले, "आप्पा, उतरा. गाडीत कुनी बसायचं नसतं." आप्पांनी अंगणातल्या तेलाच्या चिखलाकडे बघितलं, धोतराकडे बघितलं. "असू द्या की. माझं असं काय वजन हाय?" यावर त्यांच्या ड्रायव्हरनं नुसतं दबलेल्या टायरांकडे बघितलं.

आबांनी नकाराची मान हलवली, पण पुढाऱ्यापुढे कोणाचं चालतं? मोटार आप्पांसकट वर गेली. मिस्त्री दांडा घेऊन खाली गेले. थोडा वेळ ठोकाठोक ऐकू आली, मग थांबली, मग घोरणं ऐकू आलं. खरं सांगते, एप्रिलमध्ये शिरुरात गाडीच्या खालच्याइतकी गार जागा दुसरी नव्हती.

ड्रायव्हरनं हाका मारल्या. काठीनं ढोसलं. मिस्त्रींनी दांडा पोटाशी धरून कूस बदलली.

"मला खाली घ्या आधी!" आप्पा खिडकीतून ओरडले.

"दांडा आत हाय," आबा म्हणाले. "त्यो बाहेर आल्याबिगर गाडी हलनार न्हाई. नेम म्हंजी नेम."

उडी मारावी तर धोतर, न मारावी तर इज्जत! त्यात बाजाराचा दिवस. आप्पांची मोटार दिसली म्हणून एक माणूस आत आला, त्याच्या विहिरीचा अर्ज अडकला होता. त्याच्यामागून दुसरा आला, त्याची बांधावरून भांडणं. बघता बघता रांग लागली. आप्पा वर खिडकीत, लोक खाली हात जोडून. जायला जागाच नसल्यामुळे आप्पांनी त्या दिवशी प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

रांगेतला शेवटचा म्हातारा मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिला. "आप्पा," तो कौतुकानं म्हणाला, "इतक्या वर तर तुमाला आमी मतं दिऊन बी पोचवलं न्हवतं!"

*

मी सगळे उपाय केले. भांडले, अबोला धरला, एकदा जेवण बंद केलं, तर मिस्त्री पेठेत जाऊन भेळ खाऊन आले. शेवटी पाळकसाहेबांकडे गेले. मिशनची जीप आमच्याकडेच यायची, त्यामुळे सगळा प्रकार त्यांना ठाऊक होता. अतिशय सौम्य माणूस. "ताई, आपण प्रार्थना करू," म्हणाले. मला वाटलं, तिथल्या तिथे दोन शब्द म्हणतील.

रविवारी भर उपासनेत ते उभे राहिले. आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली, परगावी गेलेल्यांसाठी झाली, पावसासाठी झाली. मग घसा साफ करून म्हणाले, "आणि हे प्रभू, आमचे मिस्त्री या क्षणी इथे दुसऱ्या बाकावर बसलेले आहेत. उद्या सकाळी ते कुठे असतील ते तुला आणि मला ठाऊक आहे. त्यांना घोडी लावायची बुद्धी दे!"

सगळे म्हणाले, "आमेन." सासूबाई इतक्या जोरात म्हणाल्या की पेटी वाजवणारा दचकला.

आणि चमत्कार झाला! सोमवारी घोड्या लागल्या. मंगळवारी लागल्या. अख्खा आठवडा लागल्या. मी पाळकसाहेबांना घरच्या कोंबडीची अंडी पाठवली.

पुढच्या सोमवारी बघते तर जॅक, गाडी आणि पाय. घोड्या भिंतीशी. मी धावत गेले. "अहो, काय हे?"

"काल सायबांनी माझं नाव कुठं घेतलं?" खालून आवाज आला. "मागल्या आठवड्याची प्रार्थना मागल्या आठवड्यापुरती!"

*

आता हा एक सांगते, पण यात हसण्यासारखं फारसं नाही.

पावसाळ्याचे दिवस. अंगणातली माती भिजून मऊ झालेली. मालानं भरलेला ट्रक, पुढून उचललेला. जॅकखाली फळी घालायला हवी होती, घातली नव्हती. आबांनी दर खेपेला एकेक करून आणलेले स्लीपरचे ठोकळे मधेच पडलेले होते. ते पाठीला टोचतात म्हणून मिस्त्रींनी पायानं आत ढकलून दिले. जपून वगैरे नाही, नुसते वाटेतून दूर.

जॅक मातीत कलंडला आणि ट्रक खाली आला. त्या ठोकळ्यांवर येऊन थांबला.

मी पोचले तेव्हा मिस्त्री खालीच होते. जिवंत, शुद्धीवर. शर्टाची बाही मात्र लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये घट्ट अडकलेली. हात आणि ट्रक यांच्यात कापडाएवढंच अंतर. मला म्हणाले, "कात्री आन." मी आणली. चिखलात पालथी पडून बाही कापायला लागले. घाईघाईत बाही कापता कापता पाठीपर्यंत शर्ट कापला.

मिस्त्री बाहेर आले. उभे राहिले. मागे हात घालून बघितलं. "आगं, नवा शर्ट व्हता!"

गिऱ्हाइकं हसली. मी हसले नाही. मी ओट्यावर बसले आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं रडले. माझा फार जीव होता हो त्या माणसावर, आणि ते त्याला कसं कळवावं हे मला कळत नव्हतं. म्हटलं, "मला विधवा करायचं असेल तर एकदाच करा. रोज थोडी थोडी करू नका."

मिस्त्री माझ्याशेजारी येऊन बसले. काडीनं चिखलात रेघा ओढायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार, बाई, उद्यापासून घोडी लावतो.

मिस्त्री म्हणाले, "ठरलं. लिफ्टच बनवतो!"

*

आणि बनवली! दौंडच्या लिलावातून जुने रूळ आले, त्यांचे चार खांब रोवले. चाकं ठेवायला दोन लोखंडी पट्ट्या. मोडलेल्या उसाच्या चरकाची दातेरी चाकं, जाडजूड साखळी, आणि फिरवायला एक मोठा दांडा. दांडा सोडला तरी साखळी मागे जाऊ नये म्हणून दात्यात पडणारा एक खटका. ट्रक अख्खा माणूसभर वर जायचा. खाली उभं राहून काम करा! पुण्यातसुद्धा अशी थोड्याच ठिकाणी होती, असं मिस्त्री सांगायचे. त्यांनी पुण्यात किती गॅरेजं बघितली होती देव जाणे.

पहिल्यांदा चालवायची ती रविवारी, चर्च सुटल्यावर. सगळा गाव लोटला. पाळकसाहेब आले, तळेगावचे आप्पा आले. आबा आदल्या दिवशीच आले होते. सकाळी उठून त्यांनी साखळीची कडी न कडी बोटांनी चाचपली, खटक्याला ग्रीस लावलं, खांबांवर हातोडी मारून कान देऊन आवाज ऐकला.

"झ्याक केलंयस," ते म्हणाले. मिस्त्री फुलले. "आता वर गेली की खाली घोड्या आन् ठोकळे लाव."

मिस्त्रींचा चेहरा पडला. "आबा, लिफ्टला घोड्या? लोकं हसतील! आवो, ही पडूच शकत न्हाई."

"साखळी हाय ती. आज नवी हाय, उद्या जुनी हुईल."

"मी सोता बनवलीय. पडूच शकत न्हाई!"

दोघांनी मिळून दांडा फिरवला आणि ट्रक वर गेला. टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी छोटीशी प्रार्थना केली. मिस्त्री छाती काढून लोकांकडे वळले. "मंडळी, आता जॅक न्हाई, घोडी न्हाई, भ्या न्हाई. मी जातो खाली, बघा!"

जाणारच होते ते. स्वतःची भीती त्या माणसाला कधी वाटलीच नाही, तेच तर माझं दुखणं होतं. मी आत गेले, सूप भरून तांदूळ घेतले, आणि ते पाऊल टाकणार त्याच्या आधी ट्रकखाली जाऊन बरोबर मधोमध बसले. पदर सावरला आणि खडे वेचायला लागले.

"आगं, ह्ये काय?"

"सावली आहे इथं छान."

लोक हसले. मिस्त्रीही हसले. मग त्यांनी वर साखळीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा साखळीकडे. हसू जरा कमी झालं.

"बाहेर ये."

"का? पडूच शकत नाही ना?"

"न्हाई... पन ग्रीस गळंल अंगावर."

"गळू दे."

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत सासूबाई आल्या. आमचं दोघींचं त्या आठवड्यात बोलणं नव्हतं, लोणच्याच्या बरणीवरून. "सरक जरा," म्हणाल्या, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि माझ्याच सुपातले खडे वेचायला लागल्या.

"आये, तू तरी ऐक!"

"तांदूळ लई हायेत. येकटीला उरकायचे न्हाईत."

मिस्त्रींच्या कपाळावर घाम आला. मी पहिल्यांदाच बघितला. गाडीखाली जन्म काढलेला माणूस गाडीबाहेर उभा राहून घामाघूम झाला होता. वर ट्रक, खाली बायको आणि आई, आणि मध्ये त्यांनी स्वतः बनवलेली साखळी! ते गर्रकन वळले आणि भिंतीकडे पळाले.

एक घोडी आली. मग दुसरी. मग उरलेल्या दोन. घोड्या उंचीला पुरेनात, म्हणून त्यांच्याखाली स्लीपर. आबा ठोकळे पुढे देत होते. पाळकसाहेबांनी कोट काढून फाटकावर टाकला. आप्पा धोतर खोचून काळ्या ठोकळ्याचं एक टोक धरून आले. तरी मिस्त्रींचं समाधान होईना. एकावर एक, आडवे-उभे, ते रचत राहिले, प्रत्येकावर हातोडी मारून बघत राहिले, आमच्या चारी बाजूंनी भिंत चढत राहिली. अखेर ओणवे होऊन, दोन ठोकळ्यांच्या फटीतून त्यांनी आत डोकावलं. धाप लागली होती.

"आता... आता बरं हाय का?"

मी सुपातून मान वर केली. "बरं आहे हो. पण एवढं रचून ठेवलंत, आता तांदळातले खडे दिसायला उजेड कुठून आणू?"